चीक काही थांबत नाही

परवा आमच्याकडे कुरडया होत्या. सावेडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये अजून ही पद्धत आहे... आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या, सगळ्याजणी मिळून गच्चीवर घालायच्या.

मला फायब्रोमायल्जिया आहे, जोडीला कायमचा थकवा. रिपोर्ट नॉर्मल, दिसायला मी ठणठणीत, आणि अंग मात्र सतत दुखतं. बिल्डिंगमध्ये हे कुणाला सांगितलं नव्हतं... ‘पित्त झालंय’ म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत.

आदल्या दिवशी मला छान वाटत होतं. अशा दिवशी मला चेव येतो, तिथेच चुकतं. भिजवलेला गहू वाटला, गाळला, वर सगळं घर पुसून काढलं... नवरा म्हणाला जरा बस, पण ऐकतंय कोण.

सकाळी डोळे उघडवेनात. डोक्यात घणाचे घाव, खांद्यावर चादरसुद्धा सोसवेना. स्वयंपाकघरात पातेलंभर चीक तयार, आणि चीक काही थांबत नाही... उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो. वर्षाच्या कुरडया जाणार, आणि बायका म्हणणार, आम्हाला बोलावलं आणि स्वतः लोळत पडली. मला त्याचीच जास्त भीती होती.

मी चक्क रडले. मग नवऱ्याला म्हटलं, शेजारच्या काकूंना बोलाव. काकू मूळच्या अकोले तालुक्यातल्या, आवाज असा की त्यांच्याकडे आज भाजी कुठली ते खालच्या रिक्षावाल्यालाही कळावं. त्यांना पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. “मंग पित्त पित्त काय करत बसलीस इतके दिस? गहू तू भिजवला, वाटला बी तूच. चीक शिजवून हाटायचं आमी बघतो. तू गप पड.” चिकाचं पातेलं उचलून त्या गेल्यासुद्धा.

आमचा फ्लॅट गच्चीच्या बरोबर खाली. आता वर कल्ला सुरू होणार म्हणून मी उशी कानावर धरून पडले... पण आवाजच नाही. नवरा वर चहा द्यायला गेला तो हसतच परत आला. सगळ्याजणी कुजबुजत कुरडया घालत होत्या, आणि त्यांना दटावायला कोण, तर काकू! “हळू बोला गं, खाली तिचं डोकं हाय.”

गप्पांशिवाय कुरडया घालणं म्हणजे काय, ते ज्यांनी घातल्यात त्यांनाच कळेल. मला पुन्हा रडू आलं, पण ते वेगळं.

दुपारी काकू माझ्यासाठी वाटीभर शिजवलेला चीक घेऊन आल्या, वर कच्चं तेल. ओवा घे, योगा कर, असलं काही नाही... मी खाईपर्यंत नुसत्या शेजारी बसल्या.

दुखणं आहे तिथेच आहे, डोकं दुसऱ्या दिवशीही धरलेलंच होतं. पण आज जिन्यात काकूंनी विचारलं, “कसं हाय?” आणि मी सरळ म्हटलं, “आज वाईट आहे काकू.” इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...