बर्बनवाल्याची टकीला

मेहरूण भागातल्या वाईन शॉपमधला काउंटरवाला स्वतः थेंबही घेत नाही. पण सल्ला असा देतो, जणू पोरीला स्थळ सुचवतोय! मी बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, पिणारा. टकीला मागितली, तर डोळे मिटून म्हणाला, "भाऊ, पांढरी नका घेऊ. बर्बनच्याच रिकाम्या पिंपात मुरलेली घ्या, लगेच ओळख पटेल."

मी दाद देणार, तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ आला. डोळे पिवळेजर्द. क्वार्टर मागू लागला.

काउंटरवाला म्हणाला, "डॉक्टरनी सांगेल शे, आते पिशी ते मरशी."

"बठ्ठासले ईकस ना? मंग माले बी दे." सगळ्यांना विकतोस, मग मलाच का नाही, असा धाकट्याचा सवाल.

काउंटरवाल्याने क्वार्टर कागदात गुंडाळून दिली आणि माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "अन् भाऊ, बर्फ अजिबात टाकू नका."

टकीला खरंच उत्तम निघाली. संताप त्याचाच येतो.