एका पायाचं बाळसं

आमच्या निडी गावात रंभाच्या पायांवर आंघोळ न झालेलं मूल शोधून सापडलं नसतं. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. सकाळी तीन-चार घरची तान्ही तिच्या हाताखालून जायची आणि उरलेला दिवस ती एकटीच घरात काढायची. मी गावच्या उपकेंद्रातली नर्स. माझा वजनकाटा खरा की तिचे हात, यावरून आमची कायम जुंपायची.

शहाण्णव साली शकूचा दोन महिन्यांचा मुलगा जुलाबांनी सुकला. रोह्याला नेऊन त्याला मांडीच्या शिरेतून सलाईन द्यावं लागलं. घरी आल्यावर मी काट्यावर घातला तर वजन झकास वाढलेलं. "बाळसं धरलंय हो!" मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेल लावता लावता रंभा थांबली.

"शकू, बाळसं एकाच पायाला येतं काय गो?"

डावी मांडी जाड, गरम, निळसर होती. शकूची सासू सीताबाई भडकली. "तान्ह्याच्या अंगावर बोलू नये, कळत नाय? सुईची सूज हाय ती. चोळ जोरात."

"मी नाय चोळनार. आन कोनाला चोळू पन देनार नाय."

पोराला पदरात गुंडाळून ती थेट माझ्या दारात आली. खोटं कशाला बोलू, मलाही ती सुईचीच सूज वाटली होती. तिच्या हट्टापायी दोन्ही मांड्यांना टेप लावली. दोन सेंटिमीटरचा फरक निघाला आणि माझा शहाणपणा तिथेच संपला.

मुंबईला सोनोग्राफीत शिरेतली रक्ताची गुठळी दिसली. चोळलं असतं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती, असं डॉक्टर म्हणाले. कित्येक आठवडे इंजेक्शनं घेऊन पोर वाचलं.

गावाला एवढंच कळलं की रंभा बोलली आणि पोराला गुठळी झाली. ती काळ्या जिभेची ठरली. आंघोळीला बोलावणारं एकेक घर तुटलं. मी दारोदार समजावत फिरले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दोन वर्षांनी शकूला मुलगी झाली. रंभा रोज सकाळी निरोपाची वाट बघायची. बाराव्या दिवशी शकू मान खाली घालून मला म्हणाली, "बाई, माझा तिच्यावर राग नाय. पन भीती वाटते."

हे रंभाला मलाच सांगावं लागलं. 

"आंघोळ कोन घालते?"

"गिरजाबाई."

"तिला रोज दोन्ही पाय बघायला सांगा. माझं नाव नका घेऊ, नायतर बघायची नाय."

मी गिरजाबाईला सांगितलं. नाव घेतलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.