गोड नव्हे, गोडी

सासूबाईंना दाखवायला मैलापूरला गेले, तर दवाखान्याच्या बंद शटरवर डॉक्टर तुळजाबाईंचा फोटो आणि वर तमिळमध्ये ‘कण्णीर अंजली’. इथे माणूस गेल्याची बातमी अशी भिंतीवरच भेटते. सासूबाईंना तमिळ वाचता येत नाही, पण फोटोला घातलेला हार कळतो. "आता मला कोण विचारणार गं?" एवढंच म्हणाल्या...

बाई तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या बोलण्याला आमचे हे हसायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, म्हणून ठणकावून सांगते, बाईंच्या साध्या प्रश्नाला शिकलेल्यांनाही धड उत्तर देता येत नसे. सर्दी असो, शुगर असो, बीपी मोजून झालं की प्रत्येकाला विचारायच्या, "मन खिन्न असतें का? कशांत गोडी वाटेना झाली का?" लोक वैतागायचे.

सासूबाई सोलापूरहून आमच्याकडे आल्या आणि त्यांचं जेवण तुटलं. पोटात आग, रात्रभर जाग. सगळ्या तपासण्या साफ. शेवटी बाईंकडे नेलं. आईला तमिळ येत नाही म्हणून तिच्या वतीनं बोलायची ह्यांना सवय. बाई मराठीत विचारत होत्या आणि हे तमिळमध्ये उत्तरं देत होते! जेवण? ओके. झोप? ओके, डॉक्टर.

"तुम्ही सुम्मा बसा," बाई कडाडल्या. "त्यांस विचारतें मी." आणि मग तो गोडीचा प्रश्न.

"गोड? छे हो, चहासुद्धा बिनसाखरेचा घेते," सासूबाई म्हणाल्या.

"शुगर आहे ना तिला!" ह्यांनी लगेच री ओढली. मी कपाळावर हात मारला.

"अय्यो, गोड नव्हे हो, गोडी! जिवास गोडी!"

सासूबाई पदराचं टोक चाळवत राहिल्या... "ती नाहीच हो राहिली," हळूच म्हणाल्या. "बरेच दिवस झाले."

"म्हणजे आई काय वेडी आहे?" हे उसळले.

"बीपी मोजलें तेव्हां भांडलां नाहीत ते!" म्हणत बाईंनी ह्यांना बाहेर बसवलं. दोन प्रश्नांनी आजार ठरत नाही, पुढचं काय विचारायचं ते कळतं, हे मला समजावलं. मग गोळ्या, आणि दर भेटीला निवांत बोलणं. काही महिन्यांनी सासूबाई मोडक्या तमिळमध्ये भाजीवाल्याशी भांडल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

परवा पेरुंगुडीत, घराजवळच्या चकचकीत दवाखान्यात गेलो. वजन झालं, बीपी झालं, शुगर झाली. डॉक्टर स्क्रीनकडे बघत टाइप करत होते. "सगळं ओके," हे म्हणाले, "ती मनाची गोळी आता बंद करू या." डॉक्टरांनी मानही हलवली! एवढी यंत्रं मांडलीत, आणि जिची गोळी तिलाच विचारायला जीभ रेटत नाही? मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच पुढे सरकल्या.

"डॉक्टर, मनसु... मनसु केळुंग." मनाचं विचारा. बाईंची खोड ही, आता सासूबाईंच्या अंगात मुरलेली.

डॉक्टरांची बोटं थांबली. खुर्ची वळली. "सोल्लुंग, अम्मा." सांगा.

"सांग त्यांना," सासूबाई लेकाला म्हणाल्या, "सकाळी अजून उठावंसंच वाटत नाही म्हणावं. आणि जसंच्या तसं सांग."

ह्यांनी आईकडे पाहिलं... आणि जसंच्या तसं सांगितलं.