हालू नको, फोटो काढते

आजचं आजच लिहून ठेवते. उद्या पोळा, आज बैलांची खांदमळणी. त्यांच्या खांद्याला हळद-तूप आम्ही पळसाच्या पानांनी लावतो. ती पानं आणायला सकाळी सासूबाई, मी आणि माझी सहा वर्षांची लेक परी मोताळ्याजवळच्या जंगलाकडेला गेलो.

एका पानावर खंडोबाचा किडा! हिरवागार, पुढचे पाय हात जोडल्यासारखे आणि मान वळवून सरळ माझ्याकडे बघतोय. मी किंचाळले, परीला मागे ओढलं.

"काऊन भेऊन राह्यली वं? तो कोनाले काही करत नाही," सासूबाई हसल्या.

तेवढ्यात परीच्या गालावर एक भुंगा येऊन बसला. काळा, त्यावर लाल पट्टे, अगदी दागिन्यासारखा. मीच म्हटलं, "हालू नको बेटा, फोटो काढते." फोटो काढला आणि पदराने भुंगा गालावरच दाबून पुसून टाकला.

दुपारनंतर तिथे पाण्याचे फोड आले, पार डोळ्याखालपर्यंत. "मम्मी, आग होऊन राह्यली," म्हणून ती तळमळत होती. डॉक्टर म्हणाले, तो भुंगा चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते. रस डोळ्यात गेला का, ते उद्या सूज उतरल्यावर कळेल.

तुम्ही लेकरांना कोणत्या किड्याला भ्यायला शिकवता? मी चुकीच्या किड्याला भ्यायला शिकवलं.

परी आता झोपलीये. मी तो फोटो बघत बसलेय. दोन्ही डोळे उघडे ठेवून ती हसतेय. जराही हललेली नाही.