हौसाआक्काची पाण्याखालची देवी

हौसाआक्काशी भांडला नाही असा माणूस दापोड्यात सापडायचा नाही. मी तिचा शेजारी, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच आलं. तिन्हीसांजेला ती बल्ब बंद करून देवीपुढं तेलाची वात लावते आणि माझा उजेड खिडकीतून तिच्या घरात पडला की मलाच शिव्या घालते. धरणाच्या विजेवर तिचा राग. तिकडं डोंगरात धरण झालं तेव्हा तिचं गाव बुडालं, गावदेवीसकट. आणि एकुलत्या लेकीनं, रीमानं, लग्न केलं ते त्याच धरणाच्या वीजघरात ड्युटी करणाऱ्या विशालशी. जावयाशी आक्का कामापुरतंच बोलते, तेही वाकडं.

यंदा काम निघालं. रीमाच्या लेकीला, भाविकाला, तिसरं वर्ष सरत आलं होतं. जावळ काढायचं ते गावदेवीसमोरच आणि तिसरं सरायच्या आत, हा आक्काच्या घराण्याचा रिवाज. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवीचा चौथरा उघडा पडतो. यंदा मे संपत आला तरी पडला नव्हता. जावयानं मुद्दाम पाणी अडवलंय, असं आक्कानं ठरवूनच टाकलं.

पोरीला मांडीवर घ्यायला सख्खा मामा नव्हता. म्हणून माझा टेम्पो आणि माझी मांडी, दोन्ही तिनं न विचारता धरून नेली. वाटेत न्हावी घेतला; रीमा आणि विशाल पोरीला घेऊन तिकडंच थांबले होते.

"चाक फिरव," धरणाच्या काठावर पोचताच ती विशालला म्हणाली. "पानी सोड खाली. देवी वर येऊ दे."

विशालनं शांतपणे समजावलं, आणि तेच मला खटकलं. "आई, ते माझ्या हातात नाही. वरून हुकूम येतो तेवढंच पाणी सोडायचं. ते उंचावरून पाइपातून खाली येतं, त्याच्या जोरानं चाक फिरतं, चाकाबरोबर जनित्र फिरतं आणि वीज होते. पाणी काही संपत नाही, तसंच पुढं नदीला जातं. पावसाळ्यात धरण पुन्हा भरतं."

"पानी भरतं ते म्हाईत हाय मला," आक्का म्हणाली. "गाव भरलं का परत?"

जावई कोंडीत सापडला तसं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी देवीच्या दिशेला तोंड करून काठावरच जावळ काढायचं ठरलं. न्हाव्यानं वस्तरा काढला. भाविका माझ्या मांडीवर हातपाय झाडायला लागली. आक्का पाण्याकडं बघत उभी राहिली. डावीकडं वळली, मग उजवीकडं. एरवी ती यायची ते चौथरा उघडा पडल्यावरच. भरलेल्या धरणाचं तोंड बघायचं नाही, हा तिचा हट्ट. आता समोर नुसतं पाणी होतं.

"आये, कुठं?" रीमानं विचारलं.

आक्काला जागाच ओळखू येईना. तिचं तोंड बंद पडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"तुला ठाव आसंल," ती जावयाकडं न बघता म्हणाली.

विशाल रोज पाण्याची पातळी बघणारा. त्यानं बोट केलं. "त्या बोडक्या टेकडीच्या समोर. चौथरा तिथंच निघतो."

आक्कानं पदर डोक्यावर घेतला आणि भाविकाचं तोंड तिकडं वळवलं.

"बोट खाली कर," ती जावयाला म्हणाली. "देवीला बोट दावत न्हाईत."