वाताची मशीन

शामरावांच्या हाताला गुण होता आणि तोंडाला कुलूप. गोंदियाकडची धानाची शेती भावावर टाकून ते भिलाईत आले, तेव्हा रशियाच्या मदतीचा पोलाद कारखाना अजून चिखलातच उभा होत होता. एका ठेकेदाराच्या हाताखाली ते हवा गार करणाऱ्या यंत्रांचं काम शिकले. भट्टीशेजारच्या खोल्यांत नाजूक मीटर गारव्यात ठेवावे लागत. माणसं उन्हात राहिली तरी चाले.

पुढे ठेकेदाराने गाशा गुंडाळला. आता काम घ्यायचं तर स्वतःच्या नावावर, आणि त्याला सरकारी लायसन हवं. मिळालं तर भिलाई, नाही तर पुन्हा भावाचं दार.

"परत गेलो तं दोन घास भेटतीन," ते बायकोला, मनकर्णेला म्हणाले, "पण मान खाली घालून खा लागन."

रायपूरहून तपासनीस साहेब येणार, धंदा खरा आहे की नुसता देखावा ते पाहणार, मगच शिक्का. शामरावांनी सेक्टर दोनच्या बाजारात खोली घेतली, भंगारातली एक मशीन दुरुस्त करून खिडकीत बसवली आणि पाटीचं काम धोंडबा पेंटरला दिलं. कारखान्यात 'खतरा' लिहून लिहून धोंडबाचा हात मोठ्या अक्षरांवर बसलेला, आणि फळी तर लहान. 'वातानुकूलन' एका ओळीत मावेना. तेव्हा त्याने वर 'वाता' असं ठळक काढलं आणि उरलेलं 'नुकूलन यंत्र' खाली बारीक कोंबलं.

झालं! बाजारभर बोभाटा, की रशियावाल्यांची वाताची मशीन आली. जवळच्या क्वार्टरमधल्या म्हाताऱ्या भागाबाई गुडघे धरत दारात हजर.

"बापू, मले बसव तुह्या मशीनपुढे."

"मावशी, ही वाताची नाही, हवेची मशीन आहे."

"मंग वात म्हणजे हवाच ना रे?"

मनकर्णेने मावशींना आत घेऊन खाटेवर बसवलं. वाताला गारवा बाधतो हे शेंबडं पोरही सांगेल, पण बाहेर वैशाख पेटलेला. उठताना मावशी म्हणाल्या, "गुडघ्याचं माहीत नाही, पण जीव गार झाला."

मग काय, रोज चार-पाच म्हाताऱ्या पदराने घाम पुसत येऊ लागल्या. शामराव हात जोडून विनवायचे, "मावशी, साहेब येऊन राहिले. मले भोंदू म्हणतीन." त्या माना डोलवायच्या आणि बसायच्या.

साहेब आले ते नेमके खोली भरलेली असताना. ते नागपूरला शिकलेले, मराठी जाणणारे. त्यांनी भागाबाईंनाच विचारलं, "आजी, इथे काय चालतं?"

"वाताचा इलाज," मावशींनी ठणकावून सांगितलं.

संपलं! शामरावांच्या डोळ्यांपुढे भावाचं दार उभं राहिलं.

"गुण आला?" साहेबांनी विचारलं.

"तीळभर नाही! पण मशीन खोटी नाही, साहेब. आमी रोज येऊन राहिलो, एक दिवस बंद नाही पडली. हा मानूस रोज सांगते, ही दवा नाही मावशी. आमीच आयकत नाही त्याचं."

साहेब हसले नाहीत. टोपी काढून खाटेच्या कडेला टेकले आणि मशीनच्या वाऱ्यात बसूनच त्यांनी अहवाल लिहिला. जाताना एवढंच म्हणाले, "पाटी तेवढी एका ओळीत करा."

त्याच सकाळी शामराव या बायांना हाकलायला निघाले होते, मनकर्णेने अडवलं म्हणून राहिले. ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मृग लागायच्या आत लायसन आलं. काचेत बसवून त्यांनी ते भिंतीला टांगलं आणि नारळ भागाबाईंच्या हातात दिला. मावशींनी तो उंबऱ्यावर फोडला, खोबरं वाटलं आणि मग कागदाकडे पाहिलं.

"काय लिवलं आहे यात?"

शामरावांनी काचेवरून बोट फिरवलं. "लिवलं आहे, हा मानूस आता इथलाच."

"अन् वाताचं?"

"वाताचं काही नाही, मावशी."

"नसू दे. सरकव खाट पुढे," मावशी म्हणाल्या. "तू इथलाच, तं आमीबी इथंच."