धानाच्या खोलीतलं टेबल

तुमची लिहायची जागा कशी आहे हो, असं कुणी फोनवर विचारलं की मी आधी हसून घेते. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटं असतात, खिडकीत मोगरा असतो. माझ्या खिडकीबाहेर सांदवाडी आहे, म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिथे वांग्याची झाडं, म्हशीचा गोठा आणि सासूबाईंच्या गोवऱ्या. आणि खोली म्हणाल तर ती माझी नाहीच. ती धानाची आहे.

नवऱ्याने विटांची ही खोली घराच्या मागच्या अंगाला बांधली, ती धान ठेवायला. दिवाळीच्या सुमारास तलावाखालच्या बांध्यांतलं, म्हणजे बांध घातलेल्या शेतांतलं धान घरी येतं, कट्ट्यांमध्ये, म्हणजे पोत्यांत भरून इथे थप्पीला लागतं, आणि सरकारी खरेदी केंद्रावर आमचा नंबर लागला की ट्रॅक्टरवर बसून जातं. मधल्या महिन्यांत खोली रिकामी. त्या रिकामपणात मी माझं टेबल घुसवलं. भंडाऱ्याच्या जुन्या फर्निचरवाल्याकडून आणलं होतं, छोट्या हत्तीत, म्हणजे टेम्पोत घालून. एका पायाखाली पुठ्ठा आहे, पण चालतं. थोडक्यात मी तिथली भाडेकरू. मालक आला की सामान उचलायचं.

माझी एक कादंबरी छापून आली आहे. दुसरी याच खोलीत मेली. अर्ध्यावर आली होती, अगदी रंगात, आणि धान आलं. टेबल ओसरीत गेलं, कागद फ्रिजवर गेले, मी अंगणात धान वाळवायला गेले. खोली रिकामी झाल्यावर पुन्हा बसले, तर कादंबरीतली माणसं माझ्याशी बोलेचनात. बरेच दिवस ढकलून पाहिलं. शेवटी सगळे कागद सुतळीने बांधून कपाटात टाकले आणि रडले. चांगली हंबरडा फोडून रडले, म्हैस बिचकली इतकी. म्हणून गेल्या वर्षी तिसरी लिहायला घेतली तेव्हा एकच धास्ती होती. ही धान यायच्या आत पुरी झाली पाहिजे. हीसुद्धा मेली असती, तर चौथीला हात लावायचा जीव माझ्यात उरला नसता.

आता दाराचं सांगते, कारण खरी गंमत तिथून सुरू होते.

माझं माहेर चिखल्याचं, मँगनीजच्या खाणीच्या कॉलनीतलं. बाबा खाणीत खाली उतरायचे. नाईट ड्युटी करून सकाळी घरी यायचे, आंघोळ करून चहा प्यायचे आणि आडवे व्हायचे. आई दार लोटून घ्यायची. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत दिवसा दार लागलेलं दिसलं की सगळ्यांना कळायचं, आत कुणीतरी ड्युटीवरून येऊन झोपलं आहे. भाजीवाली त्या दारापुढून गुपचूप जायची. आम्ही पोरं लगोरीचे दगड उचलून दुसऱ्या ओळीत जायचो. लागलेल्या दाराला तिथे मान होता. मी शाळेतल्या वहीत पहिल्या गोष्टी लिहिल्या त्या तशाच एका लागलेल्या दाराच्या आत, बाबा घोरत असताना.

सासर काही फार लांब नाही. नाकाडोंगरी गाव मागे टाकलं की थोड्याच वेळात आमचा तलाव दिसतो. पण इथे सगळी शेतकऱ्यांची घरं. दिवसा दार सताड उघडं असायचं. ते लागलं याचा अर्थ आत काहीतरी झालं, आजारपण नाहीतर भांडण. हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं असं नाही, पण लक्षात आलं नव्हतं, कारण दार लावायची वेळच कधी आली नव्हती.

तिसरी कादंबरी सुरू केली त्या आठवड्यात मी दुपारची आतून कडी लावली. चार ओळी झाल्या नसतील, दारावर थाप. शेजारच्या काकू. मनाने सोनं, आवाजाने भोंगा.

"ताप आला का वं? काढा आणला, उघड!"

काढा प्यायले. काय करणार? त्या गेल्या तोच बाहेर कुणीतरी मुद्दाम खोकलं. मग खिडकीतून दोन डोळे डोकावले. आणि मग साक्षात नवरा, गुडघ्यापर्यंत चिखल, धापा टाकत. कुणीतरी त्याला शेतात फोन केला होता, वहिनीनं आतून कडी लावली, लवकर ये म्हणून. मी हातात पेन घेऊन दार उघडलं. तो चौकटीला टेकला.

"काहून कडी लावली?"

"लिहून राहिली होती."

"मंग सांगून तरी लिहायचं ना, बापा!"

संध्याकाळी सासूबाईंनी मला समोर बसवलं. त्यांना मी मामीजी म्हणते. अंगाने वाळलेल्या, जिभेने मात्र ताज्या.

"दिवसा दार सून लावते अन् नाव माह्यं जाते. लोक म्हणतीन, सासूनं छळलं म्हणून कोंडून घेतलं."

मी त्यांना चिखल्याचं सांगितलं. बाबांचं, लागलेल्या दाराचं, लगोरीचं. म्हटलं, मामीजी, लिहिणं हीसुद्धा एक ड्युटीच असते.

त्या फसकन हसल्या. "घरच्या घरी खुर्चीवर बसून कायची ड्युटी वं? ड्युटीवाला मानूस घामानं भिजून येते."

मला राग आला. खूप आला. पण कडी काही पुन्हा लावली नाही.

मग दार उघडं, आणि उघडं दार म्हणजे आमंत्रण. काकू यायच्या, टेबलावर टेकून उभ्या राहायच्या आणि काल कुणाच्या घरी काय शिजलं ते सांगायच्या. मामीजी स्वतः सुपात लसूण घेऊन यायच्या, "तू लिही, मी काही बोलत नाही" म्हणायच्या आणि बोलत सुटायच्या. माझी नायिका विहिरीच्या काठावर उभी, तिचं काय करावं या विचारात मी, आणि इकडे काकूंच्या भाचीचं लग्न मोडलेलं. एक दिवस त्या भाचीचं बोलणं जसंच्या तसं नायिकेच्या तोंडी उतरलं. मी कागद फाडला, मग पुन्हा जोडला. बोलणं चांगलंच होतं.

तरी कादंबरी पुढे सरकत होती. शेवटचा भाग तेवढा राहिला होता, सगळी गाठ सुटायची तो. आणि आभाळ भरून आलं. उभं धान भिजेल या भीतीने गावाने धावपळ करून हार्वेस्टर बोलावला, आमच्या बांध्याही उरकल्या. पाऊस मेला काही आलाच नाही. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. अंगणात ताडपत्र्या पसरून आम्ही धान वाळवलं, पायाने उलथलं, कट्टे भरले, तोंडं शिवली. शिवताना माझा जीव नुसता खाली-वर होत होता. कट्टे भरून झाले की खोली जाणार होती. दुसऱ्या कादंबरीची सुतळी मला दिसायला लागली.

कट्टे उचलायच्या दिवशी मी सकाळीच कागद गोळा केले आणि टेबलाचं एक टोक धरलं. नवरा पाठीवर पहिला कट्टा घेऊन दारात आला.

"टेबल कायले उचलून राहिली?"

"मग धान कुठं ठेवता?"

"राहू दे तिथंच. मागच्या वेळी तू कशी झाली होती, पाह्यलं ना मी."

एवढंच बोलला तो. पुढे दिवसभर कट्टे वाहिले. भिंतीला लावले, दारातून आत यायला एक माणूस अंग चोरून जाईल एवढी बोळ ठेवली, आणि टेबलाच्या तिन्ही बाजूंनी छातीएवढी थप्पी रचली. खिडकी मोकळी ठेवली. त्यात बसले नाहीत ते कट्टे आमच्या झोपायच्या खोलीत आले, पलंगाला खेटून. थोडे मामीजींच्या खोलीत. त्यांनी तोंड वाकडं केलं, "म्हातारीले उंदरायच्या तोंडी देता का?" पण नको म्हणाल्या नाहीत.

आणि काय सांगू! ज्याला मी वैरी समजत होते त्या धानाने मला खोली दिली. आयुष्यात पहिल्यांदा. थप्पीच्या आत बसलं की बाहेरचा आवाज निम्मा व्हायचा. नव्या धानाचा ऊनऊन वास, मानेला थोडी खाज, आणि मी. दार सताड उघडं, गावाला शंका नको, आणि आत मात्र कुणाला येता येत नव्हतं. काकूंनी एकदा प्रयत्न केला. बोळीत अर्ध्यावर अडकल्या, "माय वं, माय वं" करत मागच्या मागे निघाल्या आणि बाहेरूनच ओरडल्या, "हायेस ना आत?" मी म्हटलं, हाये. त्या समाधानाने गेल्या.

मी झपाट्याने लिहीत होते. मग केंद्रावर आमचा नंबर आला आणि ट्रॅक्टर दारात उभा राहिला. विकायचं धान निघालं, झोपायच्या खोल्यांतले जादा कट्टे गेले, बोळ गेली, दाराजवळच्या थप्प्या गेल्या. टेबलाभोवतीचे कट्टे मात्र नवऱ्याने हलवले नाहीत. हे खायचं धान, म्हणाला, हे घरीच राहते.

पण खायचं धान म्हणजे खायचंच की. घरात तांदूळ संपत आला की एक कट्टा मिलवर जायचा, आणि माझी भिंत तेवढी खाली यायची. कुठला कट्टा कधी न्यायचा हे आमच्याकडे मामीजी ठरवतात, तिथे मुलाचंही चालत नाही. मी ताटातला भात पाहायची आणि मनातल्या मनात म्हणायची, सावकाश जेवा रे बाबांनो. शेवटचं प्रकरण अडून बसलं होतं. भिंत कमरेला आली, आणि काकू पुन्हा दारातून, भिंतीवरून मला हात करायला लागल्या. अजून दोनेक कट्टे गेले की संपलंच सगळं, हे मला कळत होतं.

एका दुपारी जेवायला बसलो. नवऱ्याने पहिला घास तोंडाजवळ नेला आणि थांबला. वास घेतला.

"आज कोण आलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. मलाही वास आला होता.

"मंग चिन्नोर काहून शिजवला?"

चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. एका छोट्या बांधीत तेवढा घरापुरता लावतो. त्याचे कट्टे मामीजींच्या खाटेच्या उशाशी असतात आणि सण आला, जावई आला, तरच सुटतात. एरवी आम्हाला त्याचं दर्शनही नाही.

"खाय चुपचाप," मामीजी म्हणाल्या. "तोंडाले वाईट लागते का?"

दुसऱ्या दिवशी चिन्नोर. तिसऱ्या दिवशी चिन्नोर. मग पुढे रोजच चिन्नोर. माझी ट्यूब पेटली तेव्हा मी उठून मागच्या खोलीत गेले. भिंत जिथल्या तिथे होती, एक कट्टा हलला नव्हता. मग मामीजींच्या खोलीत डोकावले. उशाशी जागा रिकामी, जमिनीवर नुसता कोंडा. मी ओसरीवर गेले. त्या तूर निवडत होत्या.

"मामीजी, चिन्नोर काहून काढला?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुह्यं झालं का?"

"थोडं राहिलं."

"मंग इथं काय विचारत बसली? जाय."

मी गेले. डोळे पुसत पुसत गेले, पण गेले.

त्या दिवसांतच माझी नणंद आणि जावई आले. त्यांच्यापुढे साधा भात आला. मामीजींसारख्या बाईला हे केवढं जड गेलं असेल, ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. चिन्नोर संपला यंदा, असं त्यांनी मान ताठ ठेवून सांगितलं. कसा संपला ते सांगितलं नाही. जावयाने एकदा ताटाकडे पाहिलं आणि वरण वाढून घेतलं.

पाहुणे गेल्यावर मी कमरेएवढ्या भिंतीच्या आत बसले आणि नायिकेला विहिरीच्या काठावरून घरी आणलं. इतके दिवस मी तिला उगाच तिथे उभी करून ठेवली होती. ती घरी यायलाच तयार होती, मलाच तिच्यासाठी उघडं दार सापडत नव्हतं. कादंबरी झाली. शेवटचा कागद खाली ठेवला तेव्हा पाठ धरली होती, बोटं आखडली होती, आणि अंग खरंच घामाने भिजलं होतं. त्या खोलीत पंखा नाही.

मी बाहेर आले, मामीजींना म्हटलं, झालं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पदराचं टोक पुढे केलं, घाम पूस म्हणाल्या, आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या.

मी आमच्या खोलीत जाऊन पलंगावर पडले. चांगली भरदुपार होती. दार मी उघडंच ठेवलं होतं, पण डोळा लागता लागता ते कुणीतरी बाहेरून लोटलं. किती झोपले कोण जाणे. जाग आली ती काकूंच्या भोंग्याने. दार लागलेलं पाहून त्या तरातरा आल्या होत्या, काय झालं, ताप आला का, असं विचारत. मी उठणार, एवढ्यात दाराशीच मामीजींचा आवाज आला. दबका, पण खणखणीत.

"हळू बोल वं. ड्युटीवरून आली थे. झोपली हाये."